पेरू

शाळेच्या मागं, तारेच्या कुंपणात,
सरकारी पर्जन्यमापक. किल्ली माझ्या कनवटीला.
सकाळी साडेआठला काचेचं माप उजेडात धरायचं
आणि रजिस्टरात लिहायचं: निरंक.
कोतवालकीत हाच शब्द आधी गिरवला मी,
सहीला वळण यायच्याही आधी.

कुंपणाला टेकून दस्तगीरभाई रोज एकच विचारायचे,
"पद्मीन, किती झाला? पेरू का?"
"शंभर मिलिमीटर होऊ द्या, भाई."
"झाले किती?"
"अकरा."
मग ते टोपी काढून डोकं खाजवायचे
आणि आभाळाकडं नाही, माझ्याकडं बघायचे.

त्या साली बिराजदार सरांनी वर्गातला पृथ्वीगोल
खिडकीत आणून फिरवला.
तेरणा कुठंय म्हटलं, तर त्यांच्या नखाखाली गेली.
गोलाच्या पार मागच्या अंगाला बोट ठेवून म्हणाले, "हा पेरू."
मला हसू फुटलं. आमच्या बांधावर एक आहे, सर,
खारी पिकूच देत नाहीत.
"देश आहे बाई! तिथल्या समुद्राचं पाणी
नाताळाच्या सुमाराला ऊन लागायचं, मासळी निघून जायची.
कोळी म्हणायचे, बाळ आलं."

लेकरू तिकडं जन्मतं
आणि पान्हा इकडं आटतो, असं का?
"किती तापतं ते पाणी?"
"अंशभर. फार तर दोन."
एवढ्या कणकणीला तर आम्ही
पोराची शाळासुद्धा बुडवत नाही.

सर सांगत राहिले. आपल्याही समुद्राला एक तागडी आहे.
आफ्रिकेकडचं पारडं तापलं की ढग आपल्याकडं कलतात.
कधी ते त्या बाळाची खोडी निस्तरतं,
कधी नाही निस्तरत. नेम नसतो.
मी ऐकत होते. खाली टँकरचा भोंगा वाजला
आणि अख्खा वर्ग घागरी घेऊन पळाला.
सर गोल धरून उभे. मीही पळाले.

जुलै, निरंक. पानाच्या पान निरंक.
वरच्या साहेबांचा फोन, "बाई, रोज जाऊन बघता ना?"
बघते, साहेब. मापात कोळ्यानं जाळं विणलंय,
तेही रोज बघते.

आणि पुढं एका साली, सप्टेंबरात,
रात्रभर पत्र्यावर कुणी खडी ओतल्यासारखं.
पहाटे तेरणा शाळेच्या पायरीला.
कुंपण नाही, पर्जन्यमापक नाही,
कनवटीला किल्ली तेवढी.
तेरणेतून मांजरेत, मांजरेतून गोदेत,
गेलं असेल ते थेट समुद्राला.
जाऊ दे. एकदा त्यालाच मोजू दे.

साडेआठला फोन आला.
"आकडा सांगा. पासष्टच्या वर असेल तरच अतिवृष्टी."
अख्खं मंडळ माझ्या एका आकड्यावर टांगलेलं
आणि माझ्या हातात नुसतं काचेचं माप, कोरडं.
मग आठवलं: गच्चीवर खिचडीच्या तेलाचा चौकोनी डबा,
तोंड कापलेला, पोरींनी कालच घासून ठेवलेला.
कंपासपेटीतली पट्टी सोडली आत.
पंधरा सेंटिमीटरची. बुडाली.
वर माझी दोन बोटं पाणी.

"साहेब, पट्टी बुडाली."
"म्हणजे किती?"
"पट्टी बुडाली."
"अहो, शासकीय मापात सांगा."

अजून पंचनाम्याचे कागद फिरतायत.
त्या तारखेच्या रकान्यात मी निरंक लिहिलं नाही,
आकडाही नाही.
शेऱ्यात लिहिलं: पट्टी बुडाली, वर दोन बोटं.
खाली सही. वळणदार आली, नेमकी तेव्हा.

परवा बांधावर गेले. पेरूच्या फांद्यांत
बेशरमीचा पाला, कुणाची तरी चप्पल, चिंध्या,
एवढ्या उंचीपर्यंत नदी आलेली.
तिच्या वर चार हिरवे पेरू.
चिखल तुडवत दस्तगीरभाई आले. टोपी काढली.
"हरभरा... पेरू का?"

माझ्याकडं माप नव्हतं.
मी एक पेरू तोडून त्यांच्या हातावर ठेवला.
कच्चा होता. त्यांनी खाल्ला.